लाओसच्या पानावरचा लाल प्रांत

टॅला, डब्लिन
रविवार, १६ मार्च २०२५

कुशल,

हा मेल उघडलास तरी पुष्कळ झालं. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, पण हा जुना पत्ता बहुतेक विसरलास. किंवा मुद्दाम चालू ठेवलास. तसं असेल तर मला सांगू नकोस, मी लगेच डोक्यावर बसेन.

आधी कामाचं. मी अजून त्याच सँडीफोर्डच्या ऑफिसात आहे. परदेशात माणसं पाठवणाऱ्या संस्थांसाठी एकेका देशाचं पान लिहायचं, रस्ते, दवाखाने, हवामान, धोके, आणि शेवटी प्रत्येक प्रांताला रंग द्यायचा. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. हे तुला पाठ आहे, तू त्याची टिंगल करायचास. आमच्याकडची एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचे चार देश माझ्या गळ्यात पडले. त्यातला एक लाओस.

मी डेक्लनला, म्हणजे माझ्या बॉसला, सांगायला हवं होतं की माझा भाऊ तिथे आहे. तसा एक फॉर्मच असतो. भरला नाही. त्याने विचारलं, "लाओस, आर यू ग्रँड विथ दॅट?" मी म्हटलं, ग्रँड.

तर गेले आठ दिवस मी लाओस वाचतेय. पाच शेजारी, समुद्र नाही. चीनपासून राजधानीपर्यंत नवी रेल्वे. मेकाँगवर आणि तिला मिळणाऱ्या नद्यांवर धरणांमागून धरणं, वीज शेजाऱ्यांना विकायची. मुठीने खायचा चिकट भात. आणि १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत विमानांतून पडलेले वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब. त्यातले पेरूएवढे गोळे अजून न फुटता शेतात पडून आहेत, ज्यांना तिथले लोक बॉम्बी म्हणतात. हे शेवटचं वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं. कारण ते गोळे शोधायला रोज सकाळी यंत्र घेऊन जो जातो तो माझा भाऊ आहे.

बाबा वर्ध्याहून आलेत, ऑगस्टपर्यंत आहेत. त्यांना अजून वाटतं की तू तिथे धरणावर कॉम्प्युटर सांभाळतोस. पुण्याच्या मामांनाही तेच वाटतं. सांगितलं कोणी? मीच. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, माझ्या लॅपटॉपात डोकावून म्हणाला, "आग्नेय आशियातला एकमेव भूवेष्टित देश! एका मार्काचा प्रश्न होता बाप्पा." आणि मग, "पोट्ट्याचा फोन कायले येत नाही?"

दोन वर्षांपूर्वी लिक्सलिपच्या चिप कारखान्यातली चांगली नोकरी सोडून तू निघालास, तेव्हा माझ्या किचनमध्ये मी म्हणाले होते की तिथे तुझे तुकडे झाले तर गोळा करायला मी येणार नाही. आई गेल्यावर मीच तुला मोठं केलं, इथे आणलं, म्हणून मला वाटलं असलं बोलायचा मला हक्क आहे. नव्हता. मी घाबरले होते. अजून घाबरते.

तुमच्या प्रांताची माहिती कळवलीस तर पानाला उपयोग होईल. नाही कळवलीस तरी बरा आहेस एवढं लिही.

रेवती


बुधवार, २ एप्रिल

कुशल,

तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे.

तुला संस्थेकडून कळलंच असेल, पण माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहितेय. कालपासून तुमचा प्रांत आमच्या पानावर लाल आहे. डोंगर जाळून शेतं करायच्या दिवसांत तिथे धूर किती साचतो ते मी तुला काय सांगू, तूच खोकत असशील. दोन आठवडे तुमच्या धावपट्टीवर विमानं धड उतरत नाहीयेत. कोणी जखमी झालं तर चार तासांत मोठ्या हॉस्पिटलात पोहोचवता येईल याची खात्री नाही, आणि ती नसेल तर नियमानुसार लाल. लाल झालं की विमा कंपनी हात वर करते, आणि विम्याशिवाय तुमची संस्था कोणाला शेतात उतरवत नाही. एवढी साधी साखळी आहे.

डेस्कने सगळं बघून ठरवलं. यात वैयक्तिक काही नाही.

तुम्हा परदेशी लोकांना राजधानीत बोलावून घेतलंय असं तुमच्या साइटवर वाचलं. व्हिएन्टिआनमध्ये म्हणे फ्रेंच पाव मस्त मिळतो. खा, झोप काढ. लोक तर धूर असला की सुट्टीच घेतात. तिकीट बघायचं असेल तर मी बघते.

बाबांना मी म्हटलं की धरणाचं काम सध्या बंद आहे. त्यांनी विचारलं, "धुरानं धरन कसं बंद पडते वो?" भूगोलाच्या मास्तराला थाप मारणं सोपं नाही रे.

रेवती


शुक्रवार, २ मे

कुशल,

तुझी एक ओळ आली. दोन वर्षांनी एक ओळ, आणि ती ऑफिसच्या कामाची: "ताई, धूर कधीच गेला, रोज विमान उतरतंय, तुमच्या पानावर अजून लाल का?"

ताई लिहिलंस. मी ती ओळ स्वयंपाकघरात उभ्याने वाचली आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

उत्तर द्यायचं तर असं की आमच्याकडे दर महिन्याला उजळणी होते. पान उघडायचं, सगळं तपासायचं, आणि खाली एक चौकोन असतो: बदल नाही. किंवा बदल आहे, मग चार पानांचं कारण. काल उजळणी होती. काही माहिती अजून यायची आहे, काही गोष्टी पडताळायच्या आहेत. धावपट्टी सुरू झाली म्हणजे सगळं सुरू झालं असं नसतं. तू इंजिनियर आहेस, तुला प्रक्रिया कळतात.

पण मला दुसरं बोलायचं आहे. तुमची संस्था परदेशी लोकांना घरी पाठवायचा विचार करतेय, तशी सूचना साइटवर आहे. मी बॉक्सरूम, ती जिन्याजवळची लहान खोली, आवरली. माझ्या श्रावणीचे जुने खेळ होते, ते सगळे वरच्या कपाटात कोंबले. खाट टाकली, हीटर लावून बघितला. श्रावणी तेरा वर्षांची झाली, उंचीने माझ्यापुढे गेली. मी म्हटलं मामा येईल, तर म्हणते, "डिड ही से दॅट, ऑर डिड यू?" बोलते आयरिश आणि जाते थेट तुझ्या-माझ्या आईवर.

लिक्सलिपला आता भरती चालू आहे. तुझा जुना मॅनेजर मला लुआस ट्राममध्ये भेटला होता, तुझी आठवण काढत होता. विचार कर. रागावू नकोस, नुसता विचार कर.

ताई


सोमवार, १९ मे

कुशल,

तुझं मोठं पत्र काल आलं. सकाळपासून चारदा वाचलं.

मला वाटलं होतं की तू व्हिएन्टिआनमध्ये पाव खात बसला असशील. तू रजा टाकून, आपल्या खर्चाने, गावात परत गेलास. नोयच्या घरात राहतोस. तू लिहिलंस, "ताई, नोय म्हणजे आमच्या टीमची लीडर, माझ्याहून लहान, तिनेच मला हे काम शिकवलं." तुम्ही गावातली बाकीची सगळी शेतं साफ केलीत आणि तिने स्वतःचं शेत यादीत शेवटी ठेवलं, लोकांनी बोट दाखवू नये म्हणून. त्या शेताचे दोन भाग साफ झाले आणि तिसरा उरला असताना काम थांबलं. त्या तिसऱ्या पट्टीत यंत्राने अकरा ठिकाणी आवाज दिलाय. खुणेच्या लाल काठ्या रोवलेल्या आहेत. यंत्रं कोठारात कुलपात आहेत, आणि पाऊस आलाय.

रोपं तयार आहेत, लावणीला आठ-दहा दिवस. नोयचा नवरा म्हणतो, दोन भागांच्या भातावर घर चालत नाही, माझे आजोबा याच पट्टीत नांगरत होते. तू रोज पहाटेपासून बांधावर उभा राहतोस, तो हातट्रॅक्टर घेऊन त्या काठ्यांपाशी जाऊ नये म्हणून. तू विचारलंस, "तुझ्या ऑफिसात नक्की कोण ठरवतं गं? मी त्या माणसाशी बोलतो."

तो माणूस तुला दोन महिने मेल लिहितोय.

डेस्क म्हणजे मी. एप्रिलमध्ये लाल मी केलं. तेव्हा धूर खरा होता, त्याबद्दल मला कोणी बोलू शकत नाही. दुसऱ्या कोणीही कदाचित तेच केलं असतं. पण करताना मला हायसं वाटलं, ते मी तुला लिहिलं नाही. आणि एक मेला धूर नव्हता. हवेचे आकडे समोर होते, विमानांच्या वेळा समोर होत्या, सगळं मी बघितलं. बघून 'बदल नाही' वर टिचकी मारली आणि कॉफी आणायला गेले. तुझी ओळ त्याच दिवशी आली होती. मी तुला खोटं लिहिलं.

मला तू घरी हवा होतास. दुसरं काही कारण नाही. मला वाटलं, महिनाभर काम बंद राहिलं तर कोणाचं काय बिघडतं, बॉम्ब पन्नास वर्षं पडलेत, अजून एक महिना पडतील. शेताला महिना कळतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. वर्ध्याच्या मुलीच्या डोक्यात आलं नाही, याची लाज वाटते.

आणि झालं काय? विमा असताना तू चिलखत घालून, नियमाने, टीमबरोबर त्या शेतात होतास. मी तुला वाचवलं, तर तू विम्याशिवाय, रबरी चपलांत, एकटा त्याच्या काठावर उभा आहेस.

शिव्या दे. पण आधी बांधावरून मागे हो. मी काहीतरी करते.

ताई


गुरुवार, २२ मे

कुशल,

उत्तर नाहीये तुझं. नसू दे. काय केलं ते सांगते.

काल डेक्लनच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. भाऊ, न भरलेला फॉर्म, एक मेची टिचकी, सगळं सांगितलं. त्याने पेनचं टोपण लावून पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "सो युअर मॅन इन द फील्ड इज युअर ब्रदर." मी म्हटलं, हो. "अँड यू पुट हिम आउट ऑफ अ जॉब." मी म्हटलं, त्याला, आणि त्याच्याबरोबर चाळीस जणांना. लाओस लगेच काढून घेतलं. चौकशी बसेल. पुढे काय होईल ते त्यालाही माहीत नाही, पण चेहऱ्यावरून फारसं बरं नाही. धावपट्टीवर आणि हॉस्पिटलात तो स्वतः फोन करणार आहे. उद्यापर्यंत नारिंगी होईल असं म्हणाला. नारिंगी म्हणजे विमा चालू, म्हणजे यंत्रं बाहेर. नोयच्या नवऱ्याला सांग, फक्त थोडे दिवस.

घरी आले आणि बाबांनाही सांगितलं. म्हटलं, आजच सगळं होऊन जाऊ दे. ते खिडकीपाशी बसून लसूण सोलत होते. धरण नाही, बाबा, तो जमिनीतले बॉम्ब काढतो. त्यांनी सोलणं थांबवलं नाही. मी लाल रंगाचं सांगितलं तेव्हा थांबले.

"तू त्या बाईचं शेत अडवून रायली दोन महिने?" म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, तो मेला असता तर?

"मले काय भेव नाही वाटत का? पन शेत अडवत नाहीत रेवती. आपल्या वावराची वाट कोनी अडवली होती तवा तुझी माय तीन दिवस जेवली नव्हती." मग लसणाची टरफलं गोळा करत म्हणाले, "मी पोट्ट्याइले चाळीस वर्षं शिकवलं, लाओसले समुद्र नाही. एवढंच शिकवलं."

तुझ्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की यंत्र जड असतं का. मला माहीत नव्हतं.

ताई


सोमवार, २६ मे

कुशल,

तुझा निरोप काल पोहोचला. त्यात एकच गोष्ट होती आणि ती मला अजून धड कळत नाहीये, म्हणून पुन्हा लिहून बघते.

डेक्लनने शुक्रवारी संध्याकाळी प्रांत नारिंगी केला. तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र होऊन शनिवार लागला होता, राजधानीतलं ऑफिस सोमवारपर्यंत बंद. कोणीच तो मेल वाचला नाही. शनिवारी सकाळी जोराचा पाऊस पडला, शेतात पाणी भरलं. तू माझा मेल वाचून नोयच्या नवऱ्याला सांगितलंस की थांब, थोडे दिवस. तो म्हणाला, हे तुम्ही एप्रिलपासून सांगताय. तू त्याच्या ट्रॅक्टरपुढे आडवा उभा राहिलास. त्याने तुला बाजूला ढकललं. तू बांधाच्या साफ केलेल्या अंगाला, चिखलात पडलास, म्हणून तू आज लिहू शकतोस.

ट्रॅक्टर काठ्यांत शिरला, एक गोळा फुटला, आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तू पट्टा आवळलास, नोयने गाडी चालवली, तीन तासांत हॉस्पिटलात पोहोचलात. वाचेल, म्हणतात. मी ज्या रस्त्याबद्दल आणि हॉस्पिटलाबद्दल पानावर भरवसा नाही असं लिहिलं होतं, त्याच रस्त्याने आणि त्याच हॉस्पिटलात.

त्याचा पाय माझ्यामुळे गेला. कोणी मला समजवायला येऊ नये, तूही नको. एक मेला मी खरं लिहिलं असतं तर पंधरा तारखेच्या आत ती पट्टी साफ झाली असती. हा हिशेब सरळ आहे.

आता आजचं. आज सकाळी डेक्लनने मला बोलावलं. मला वाटलं, काढून टाकतो. त्याच्यासमोर लाओसचं पान उघडं होतं. नियम असा आहे की नव्याने माणूस जखमी झाला की प्रांत पुन्हा तपासायचा, आणि शंका असेल तर लाल. तो मला म्हणाला, तुला डेस्कवरून काढलंय, ते तसंच राहील, पण या मजल्यावर त्या प्रांताचं दुसऱ्या कोणाला काही कळत नाही. तुझं मत लेखी दे, मग मी ठरवतो.

कुशल, पुढचं नीट वाच, कारण मला तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही. त्या क्षणी मला 'लाल' म्हणावंसं वाटलं. आणि या वेळी ते खोटंही नव्हतं. माणूस खरोखर जखमी झाला होता, कारण खरं, नियमात बसणारं, कोणी माझ्याकडे बोट दाखवू शकलं नसतं. एक शब्द, आणि तुमची संस्था तुला या आठवड्यात विमानात बसवते. बॉक्सरूममधली खाट अजून घातलेली आहे. तू चिखलात पडलेला मला दिसत होतास. दुसऱ्या बाजूला पडला असतास तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. डेक्लन वाट बघत होता.

मी लिहिलं ते असं. हा माणूस संस्थेच्या कामामुळे जखमी झाला नाही, काम बंद असल्यामुळे झाला. रस्ता तीन तासांचा, भरवशाचा. हॉस्पिटल सक्षम. धावपट्टी चालू. पावसामुळे लोक आणखी थांबणार नाहीत, त्यामुळे पुढचे दोन आठवडे काम चालू राहणं सगळ्यात गरजेचं. शिफारस, नारिंगी. खाली सही.

डेक्लनने ते दोनदा वाचलं. म्हणाला, "यू वॉन्टेड हिम आउट ऑफ देअर." मी म्हटलं, अजूनही. "अँड यू आर सेंडिंग हिम बॅक इन." मी म्हटलं, हो. पान त्याने नारिंगीवरच कायम केलं. माझ्यासमोर बटण दाबलं.

संस्थेला कळवलंय, फोनवरसुद्धा, मी स्वतः उभी राहून ऐकलं. यंत्रं उद्या निघतील. नोय हॉस्पिटलात आहे, म्हणजे तिच्या शेतात पुढे कोण चालणार ते मला कळतं, तू लिहायची गरज नाही. अकरा आवाज होते, एक कमी झाला, दहा उरले.

बाबा इथे शेजारी बसलेत. म्हणतात, त्याले लिही, पाय पाहून टाक. मी म्हटलं, बाबा, त्याला हे काम येतं.

उद्या तू त्या पट्टीत उतरशील ते माझ्या सहीने उतरशील. पहिला गोळा निघाला की मला कळव. नाही कळवावंसं वाटलं तर निदान नोयला माझा पत्ता दे, ती मला कळवेल. मी फोनपाशी आहे.

तुझी ताई